दोन काळांत चालणारी कादंबरी, एक चित्र आणि एक गुपित: आजच्या काळातला भाग वगळला तर चालतं का?

नौपाडा_निमा
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत बायकांचा एक पुस्तक-कट्टा आहे, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, निम्मा वेळ पुस्तक आणि निम्मा वेळ मुलांच्या शाळा नाहीतर रीडेव्हलपमेंट. या खेपेला एक जाडजूड इंग्रजी कादंबरी ठरलीये. नाव मुद्दाम देत नाही, कट्ट्यातल्या दोघीतिघी इथे वाचनमात्र असतात आणि शेवट फुटला तर मला बिल्डिंगमध्ये राहणं मुश्कील होईल.

तर साचा असा. एक प्रकरण 1943 चं पॅरिस, एक प्रकरण आजचं लंडन, परत पॅरिस, परत लंडन, शेवटपर्यंत हेच. पॅरिसमध्ये संग्रहालयातली एक साधी नोकरदार बाई आहे, ज्यू कुटुंबांच्या घरांतून उचलून आणलेली चित्रं जर्मन लोक तिच्या डोळ्यांदेखत पेट्यांत भरून रवाना करतायत, आणि ही त्यातलं एक लहानसं चित्र गायब करते. ते प्रकरण वाचताना माझा चहा गार झाला. आणि पान उलटलं की लंडन! तिथे तिची पणती, नुकताच घटस्फोट झालेला, लिलाव कंपनीत नोकरी, पणजीच्या घराच्या माळ्यावर तिला चित्र सापडतं आणि मदतीला एक देखणा वकील हजर. तिकडे जिन्यावर बुटांचे आवाज येतायत आणि इकडे ही बाई वकिलाबरोबर जेवायला जाताना काय घालू म्हणून अर्धं प्रकरण आरशासमोर उभी.

प्रश्न एवढाच की लंडनची प्रकरणं वगळून पॅरिस सलग वाचून काढलं तर चालेल का, की मग शेवटी काही कळणारच नाही? आणि या जातीच्या कादंबऱ्यांत आजचा भाग इतका पाणचट का असतो?

कोपरीकर
चालतंय की. पैसे तुम्ही दिलेत.

टकमक
रुमाल टाकून ठेवते. ऑफिसातून सुटले की सविस्तर लिहिते.

अण्णा_घोडबंदर
निमाताई, वगळू नका. जरा विचार करा, त्या पॅरिसच्या बाईच्या लेखी यात गुपित असं काही नाहीच. चित्र कुठे आहे, कोणाचं आहे, कशासाठी दडवलं हे तिला पक्कं ठाऊक आहे. तिच्याकडे आहे ती भीती. गुपित तयार होतं ते ती गेल्यावर, मागे राहिलेल्यांसाठी. म्हणजे पॅरिसमध्ये चाललीये ती साहसकथा, रहस्यकथा चाललीये लंडनमध्ये. लंडन काढून टाकलंत तर धाडसाची एक बरी गोष्ट हाती उरेल, पण मग हा दोन काळांचा खटाटोप कशाला केला लेखकाने.

शिवाय ही मंडळी दोन्हीकडे पेरणी करत जातात. लंडनच्या प्रकरणात एखादी अंगठी, एखादा शिक्का सहज दिसतो आणि शंभर पानांनी पॅरिसमध्ये तोच कुणाच्या तरी बोटात निघतो, तेव्हा आपण चपापतो. वगळणाऱ्याला ते सुख नाही.

(आता कुणीतरी लिहिणार की अण्णा रिटायर्ड आहेत, त्यांना वेळ आहे. आहेच.)

वाशीची_वैदेही
अण्णा तुमचं तत्त्व मान्य, पण मग लेखकाने त्या पणतीला काहीतरी काम द्यावं ना! मी या प्रकारच्या इतक्या वाचल्यात की आता पहिल्या प्रकरणातच सांगू शकते, माळ्यावर ट्रंक असणार, ट्रंकेत रिबिनीने बांधलेली पत्रं असणार, पत्रं नेमकी महत्त्वाच्या ठिकाणी फाटलेली असणार, आणि गावात एक म्हातारी शेजारीण असणार जिला सगळं माहितीये पण ती आधी केक खाऊ घालणार, मग अर्धं सांगणार आणि दुसऱ्या दिवशी मरणार. आणि आजी मरताना कधीच पूर्ण वाक्य बोलत नाही. "ते चित्र... निळ्या..." आणि खलास.

खारघरचा_खट्याळ
आमची आजी शेवटचं पूर्ण वाक्य बोलली होती. "गॅसचं पुस्तक साखरेच्या डब्यामागे आहे." कादंबरी तिथेच संपली.

नौपाडा_निमा
खट्याळ, हसून हसून पुरेवाट. वैदेही, माझ्या पुस्तकात शेजारीण आहे. केक पण आहे. अजून मेली नाहीये, मी निम्म्यावर आलेय.

पुस्तककिडा
निमा, तुझ्या कादंबरीतली बाई बऱ्यापैकी एका खऱ्या बाईवरून उचललेली दिसतेय. रोझ वालां. पॅरिसमधलं ज्यू द पोम नावाचं संग्रहालय जर्मनांनी 1940 पासून लुटीच्या मालाचं कोठार केलं होतं. देशोदेशी नावाजलेले संग्रह तिथे यायचे, लावले जायचे, आणि खुद्द हिटलरचा मंत्री गोरिंग वीसेक वेळा येऊन स्वतःसाठी निवड करून गेला. ही बाई तिथे कामाला. चष्मा, अंबाडा, कुणी दुसऱ्यांदा वळून बघणार नाही असा अवतार. तिला जर्मन कळतं हे तिने चार वर्षं कुणाला कळू दिलं नाही. कोणतं चित्र कोणाच्या घरचं, कुठल्या पेटीत गेलं, पेटी कुठे रवाना झाली, याच्या नोंदी ती गुपचूप करत राहिली. पॅरिस मुक्त झाल्यावर ती माहिती तिने जेम्स रोरिमर नावाच्या अमेरिकन अधिकाऱ्याला दिली, तो युद्धाआधी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात क्युरेटर होता. लगेच दिली असंही नाही, आधी त्याला पुरेपूर जोखलं. त्यावरून बव्हेरियातल्या नॉयश्वानस्टाइन किल्ल्यातला प्रचंड साठा हाती लागला.

आता गंमत बघा, या बाईने चित्र पळवलं नाही, तिने यादी केली. खरं काम यादीने झालं. पण यादी करणारी नायिका प्रकाशकांना चालत नसावी, म्हणून कादंबरीत तिला कोटाच्या अस्तरात चित्र शिवून बाहेर पडावं लागतं.

अण्णा_घोडबंदर
आयुष्यभर आवक-जावक रजिस्टर लिहिलेल्या माणसाला हे वाचून आज फार बरं वाटलं. प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला.

नौपाडा_निमा
किड्या, तुला कसं कळलं अस्तरात शिवते ते?? मी लिहिलंच नव्हतं!

पुस्तककिडा
सगळ्याच अस्तरात शिवतात गं.

रंगारी
उशिराने येतोय. मी जेजे स्कूल ऑफ आर्टचा, सध्या पोटापाण्यासाठी जुनी चित्रं आणि फ्रेमा दुरुस्त करतो, त्यामुळे या कादंबऱ्या वाचताना मला वेगळाच त्रास होतो. यातले तज्ज्ञ चित्रासमोर उभे राहतात, श्वास रोखतात, चित्रातल्या बाईच्या डोळ्यांत बघतात आणि म्हणतात, हे अस्सल आहे. अरे बाबा, आम्ही आधी चित्र पालथं करतो.

खरा मजकूर पाठीवर असतो. मागच्या लाकडी चौकटीच्या कोपऱ्यांत ठोकलेल्या पाचरी जुन्या की नव्या, कॅनव्हास खिळ्यांनी लावलाय की स्टेपलने, कॅनव्हास विकणाऱ्या दुकानाचा शिक्का, प्रदर्शनांच्या चिठ्ठ्या, लिलावात कुणीतरी खडूने घातलेला नंबर, कस्टमचा ठप्पा. चिठ्ठी काढून टाकलेली असली तरी तिच्याखालचा कॅनव्हास बाकीच्यापेक्षा उजळ राहतो, चौकोन दिसतो. पुस्तककिडाने म्हटलेल्या त्या पॅरिसच्या लुटीत जर्मनांनी प्रत्येक कुटुंबाच्या संग्रहाला अक्षर आणि पुढे आकडा दिला होता, रॉथशिल्डांच्या वस्तूंना 'आर' आणि नंबर. कित्येक चित्रांच्या पाठीवर ते अजून आहे. निमाताईंच्या पणतीने माळ्यावर चित्र सापडल्या दिवशी ते नुसतं पालथं केलं असतं तर कादंबरी साठ पानांत आटोपली असती आणि वकिलाची गरजच पडली नसती.

बाकी एक्स-रे वगैरे दाखवतात ते खोटं नाही. जुने लोक पांढरा रंग वापरायचे त्यात शिसं असायचं, एक्स-रेमध्ये तेवढा भाग उजळ उठतो, त्यामुळे खाली आधी वेगळा हात किंवा वेगळा चेहरा रंगवला असेल तर दिसतो. कोळशाने केलेलं कच्चं रेखाटन बघायचं तर इन्फ्रारेड. आणि रंगांना जन्मसाल असतं. टायटॅनियमचा पांढरा 1920 च्या आसपास बाजारात आला. जर्मनीतला बेल्ट्राकी नावाचा एक बनावट चित्रं करणारा यातच अडकला, 1914 चं म्हणून खपवलेल्या चित्रात टायटॅनियम निघालं आणि 2011 मध्ये त्याला शिक्षा झाली. बायकोला जुन्या बायकांसारखे कपडे घालून, मागे भिंतीवर बनावट चित्रं लावून त्याने खोटा जुना फोटोसुद्धा काढला होता, हा संग्रह आमच्या आजीचा आहे असं दाखवायला! म्हणजे दोन काळांची कादंबरी त्याने स्वतःच रचली.

कोपरीकर
रंगारीबुवा, तुम्ही लिहा कादंबरी. आम्ही लंडनसकट वाचू.

खारघरचा_खट्याळ
मला तो ओव्हनवाला आठवला. चित्रं भट्टीत भाजायचा तो कोण?

रंगारी
व्हान मेगरन, डच. व्हरमीर या जुन्या डच चित्रकाराची चित्रं स्वतः करून विकायचा. तेलरंग पूर्ण कडक व्हायला अनेक दशकं लागतात, म्हणून त्याने रंगात बॅकेलाइट, म्हणजे जुन्या काळ्या टेलिफोनचं प्लास्टिक असतं ते मिसळून चित्र ओव्हनमध्ये भाजलं आणि मग गुंडाळून भेगा पाडल्या. 1937 मध्ये रॉटरडॅमच्या संग्रहालयाने वाजतगाजत त्यातलं एक विकत घेतलं. युद्धानंतर गोरिंगच्या संग्रहात एक 'व्हरमीर' निघालं, माग काढत पोलिस याच्याकडे आले, राष्ट्रीय ठेवा शत्रूला विकला म्हणून 1945 मध्ये अटक. तेव्हा हा म्हणाला, ठेवा कसला, ते मीच रंगवलंय. कुणी विश्वास ठेवेना म्हणून पहाऱ्यात बसून नवीन 'व्हरमीर' करून दाखवलं. 1947 मध्ये एक वर्षाची शिक्षा झाली, भोगायच्या आधीच वारला.

वाशीची_वैदेही
गोरिंगला फसवला म्हणजे माझा तरी त्याला नमस्कार.

मेघना_टी
इथे जरा वेगळा सूर लावते, हलके घ्या. मला हा सगळा प्रकारच अलीकडे खटकतो. लोकांना घरांतून उचलून मारलं, त्यांच्या भिंतींवरची चित्रं काढून नेली, आणि आपण त्यावर रोमान्स वाचतोय, मुखपृष्ठावर लाल कोट घातलेली पाठमोरी बाई आणि मागे आयफेल टॉवर. ज्या कुटुंबाचं चित्र होतं त्यांना बहुतेक वेळा अर्धं प्रकरण मिळतं. नायिका चित्र वाचवते म्हणून आपण टाळ्या वाजवायच्या, माणसं कुठे गेली?

निमा, तू विचारलंस आजचा भाग पाणचट का. माझ्या मते असायचं काहीच कारण नाही, कारण खऱ्या आयुष्यात आजचाच भाग जबरदस्त आहे. मारिया आल्टमान घ्या. तिच्या काकूचं, आडेलेचं, क्लिम्टने 1907 मध्ये केलेलं ते सोनेरी चित्र. नाझींनी घर लुटलं, चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात गेलं आणि पुढे ऑस्ट्रिया म्हणत राहिलं की हे आमचंच. या बाईने अमेरिकेतून खटला भरला, ऑस्ट्रियासारख्या देशावर असा खटला चालू शकतो की नाही यावरच प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं, 2004 मध्ये तिथे जिंकली, मग लवाद बसला आणि 2006 मध्ये चित्र परत मिळालं, तेव्हा ती नव्वदीला टेकली होती. पुढे ते साडेतेरा कोटी डॉलरला विकलं गेलं म्हणतात. यात देखणा वकील नाही. वकील आहे, पण तो तिच्या ओळखीतल्या कुटुंबातला पोरगा, आणि त्याला कामाने बेजार केलंय.

मुद्दा हा की पणतीला खरा पेच द्या. पणजीने चित्र वाचवलं ठीक, पण युद्ध संपल्यावर परत का नाही दिलं? माळ्यावर का ठेवलं? हा प्रश्न कादंबरीला पडतो का, निमा?

नौपाडा_निमा
मेघना, नाही पडलाय अजून. आणि आता तू विचारल्यावर मला दुसरं काही सुचत नाहीये. थांब, वाचते पुढे.

चिंगी_सीवूड्स
एवढं मनावर घेऊ नका गं. मी ट्रान्सहार्बरने ठाण्याला जाते, तुर्भ्यापर्यंत पुस्तक उघडायलासुद्धा जागा नसते, मला तर लंडनचा भाग आवडतो कारण तो उभ्याने वाचता येतो. जाताना लंडन, येताना पॅरिस, कारण येताना सीट मिळते. छापील पुस्तकात दोन बुकमार्क ठेवायचे, एक निळा एक लाल. सासूबाई मात्र म्हणतात अशी उलटसुलट वाचण्यापेक्षा मालिका बघ.

कोपरीकर
आता एक काडी टाकून मी पळतो. मराठीत असं काही का नाही? आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरी म्हटली की घोडा, तलवार, दरबार आणि "सरकार, घात झाला!" चित्र, चित्रकार, कारागीर कुठेच नाहीत.

गडवाट_ऐरोली
काडी पेटली. कोपरीकर, सामान तर आपल्याकडे भरून पडलंय. अजिंठा घ्या. 1819 च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा मद्रास घोडदळातला अधिकारी शिकारीला निघाला आणि त्याला लेणी दिसली. पठ्ठ्याने दहाव्या लेण्यात आपलं नाव आणि तारीख खरवडून ठेवली. ते बघायला मान वर करावी लागते, कारण तेव्हा लेण्यात मातीचा ढीग साचलेला होता आणि साहेब ढिगावर उभा होता. नाव राहिलं, ढीग गेला.

पुढे 1844 मध्ये कंपनीने रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला तिथल्या चित्रांच्या नकला करायला पाठवलं. अंधार, वटवाघळं, ताप, आणि हा माणूस वर्षानुवर्षं मोठाल्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला करतोय. त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या, आणि 1866 च्या आगीत जवळपास सगळ्या जळाल्या. मग 1872 पासून जेजेचे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन तेच काम पहिल्यापासून करायला बसले. 1885 पर्यंत चाललं. आणि त्याच वर्षी लंडनला पुन्हा आग, त्यातल्याही बऱ्याच नकला गेल्या! एवढा योगायोग कादंबरीत लिहिला तर संपादक काढून टाकेल.

आणि गुपित हवं असेल तर पारो. अजिंठा गावात तिचं थडगं आहे, लेण्यांजवळ नव्हे, गावात. 1856 साल आणि गिलने लाडक्या पारोसाठी कोरून घेतलेल्या ओळी. ती कोण, कुठली, काय बोलायची, कागदावर जवळपास काही नाही.

वाशीची_वैदेही
पारोवर मराठीत दीर्घकाव्य आहे की, सिनेमाही येऊन गेला.

गडवाट_ऐरोली
हो, माहितीये. पण दोन्हीकडे गिल-पारोच पुढे येतात. मला ग्रिफिथ्सच्या टोळीतला एखादा विद्यार्थी हवाय. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच, पुढे नामवंत चित्रकार झाले. पण बाकीच्या पोरांचं काय? पाचोऱ्याला आगगाडीतून उतरून बैलगाडीने अजिंठ्याला गेलेला अठरा वर्षांचा कुणी मुलगा, वर्षातले काही महिने लेण्यात, साहेबाच्या नावाने जाणारं चित्र रंगवतोय. आणि आजच्या काळात त्याची खापरपणती लंडनला जाऊन त्या जळक्या कॅनव्हासपुढे उभी. हे मी वाचेन, आजच्या भागासकट.

कळवा_पूल
गडवाट, कल्पना झकास, पण आपल्याकडे अडचण वेगळी आहे. आपण कादंबरी कादंबरी म्हणून वाचत नाही. लेखकाने कल्पनेने घातलेला संवाद दहा वर्षांनी व्हॉट्सॲपवर पुरावा म्हणून फिरतो, आणि उलट कुणी कागद दाखवला तर त्याच्याच अंगावर लोक धावून जातात. खापरपणती लंडनला उभी राहायच्या आधी लेखकाच्या घरासमोर मोर्चा.

म्हणून मला उलट वाटतं की हा दोन काळांचा साचा आपल्यासाठी औषधी आहे. आजचा माणूस दफ्तरखान्यात बसलाय, मोडी वाचणारा शोधतोय, एक कागद मिळतो, दुसरा वाळवीने खाल्लाय, हे दाखवलं की वाचकाला आपोआप समजतं की कुठपर्यंत कागद आहे आणि कुठून पुढे लेखक बोलतोय. एकाच काळात चालणाऱ्या कादंबरीत ती शिवण दिसतच नाही. निमाताईंच्या लंडनवालीने ड्रेस सोडून हे काम केलं असतं तर धागाच निघाला नसता.

अण्णा_घोडबंदर
कळवा_पूल यांना पूर्ण अनुमोदन. मी वर जे लांबण लावून सांगत होतो ते यांनी तीन ओळींत सांगितलं.

खारघरचा_खट्याळ
तीन ओळी?? अण्णा चष्मा.

बरं मी ठाण्याची आवृत्ती देतो, हक्क राखीव. 1893, ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू होतंय, त्याच सुमाराला नौपाड्यातल्या एका बंगलीत एक तरुण विधवा चोरून चित्रं काढतेय. आजचा काळ, बंगली रीडेव्हलपमेंटला, तिची पणती साताठ वर्षं भाड्याच्या घरात, बिल्डर फोन उचलत नाही. माळ्यावरचं चित्र भंगारवाल्याने पितळी कढईबरोबर किलोवर नेलंय. देखणा वकील आहे पण तो सोसायटीच्या विरुद्ध पार्टीकडून. शेवटी चित्र सापडतं, पार्किंगचा प्रश्न सुटत नाही.

चिंगी_सीवूड्स
यात नवी मुंबई कुठे? आम्हाला पणजीचं घरच नाही, सिडको आली 1970 मध्ये.

खारघरचा_खट्याळ
तुम्ही सिक्वेलमध्ये.

रंगारी
ठाण्याचं माहीत नाही पण निमाताईंच्या कादंबरीचा एक धागा थेट मुंबईत येतो, हे फार कुणी वापरलेलं नाही. हिटलरमुळे युरोप सोडून आलेले काही लोक मुंबईत स्थिरावले. वॉल्टर लांगहॅमर, व्हिएन्नाचा चित्रकार, बायको ज्यू, इथे येऊन टाइम्स ऑफ इंडियात आर्ट डायरेक्टर झाला. रुडॉल्फ फॉन लायडन कलासमीक्षक. श्लेसिंजर संग्राहक. 1947 मध्ये सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला तेव्हा या पोरांची चित्रं विकत घेणारे, त्यांच्यावर लिहिणारे, रविवारी घरी बोलावून युरोपातली चित्रं समजावून सांगणारे हेच. घरदार तिकडे टाकून आलेला माणूस इथे दुसऱ्या देशाच्या पोरांची चित्रं जमवतोय! मेघनाताई, तुम्ही म्हणता ती माणसं कुठे गेली, तर त्यातली काही नेपियन सी रोडला आली होती.

मेघना_टी
रंगारी, हे खरंच माहीत नव्हतं. ही कादंबरी मी वाचेन, रोमान्स घातला तरी.

वाशीची_वैदेही
चित्राच्या पाठीचा विषय निघालाय म्हणून सांगते. माहेरी रविवर्मा प्रेसची लक्ष्मी आहे, तीच ती घराघरांत असायची, आमच्या पणजीने तिच्या साडीवर खरी जर आणि टिकल्या चिकटवल्यात. घर रिकामं करताना भावाने फ्रेम उघडली तेव्हा आम्ही सगळे अक्षरशः गोल करून बसलो होतो. रंगारी म्हणतात तसं पाठीवर काय निघावं? आधाराला लावलेली फळकुटं, त्यावर जुनं वर्तमानपत्र, गिरगावातल्या फ्रेमवाल्याची चिठ्ठी, आणि पेन्सिलीत वाण्याची यादी. तूरडाळ, गूळ, रॉकेल. पणजीचं अक्षर. चुलत्यांना मृत्युपत्र निघेल असं वाटत होतं, ते उठून गेले.

रंगारी
ती यादी फेकू नका! आणि प्रेसबद्दल, 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला, मग मळवलीला गेला, पुढे जर्मन तंत्रज्ञ श्लायकर यांनी विकत घेतला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एका लक्ष्मीला असे कितीतरी दगड लागायचे. 1972 च्या आगीत तिथलं बरंचसं जळालं. म्हणजे गडवाटच्या आगींच्या यादीत ही तिसरी.

नौपाडा_निमा
संपली. काल रात्री. कट्ट्यातल्या बायकांनो, इथून पुढे वाचू नका.

मी मधला मार्ग काढला. पॅरिस सलग वाचलं, मग मागे येऊन लंडन सलग. अण्णांचं खरं ठरलं, अंगठी होतीच, आणि मला ती आधीच माहीत झाल्यामुळे लंडनमध्ये पणती ती बोटात घालून फिरते तेव्हा धक्का बसला नाही, उलट राग आला की बये हातात काय आहे ते बघ. म्हणजे चुरस गेली पण दुसरंच काहीतरी मिळालं, मला सगळं माहीत आणि तिला काही नाही. ड्रेसचं प्रकरण मी उड्या मारत वाचलं, त्याबद्दल अजिबात खेद नाही.

मेघना, तुझा प्रश्न कादंबरीला पडतो, पण शेवटच्या दहा पानांत. पणजीला ज्या कुटुंबाला चित्र द्यायचं होतं त्यातलं कुणी परत आलंच नाही असं दाखवलंय. एक मुलगा वाचला होता हे पणतीला कळतं, त्याची मुलगी अर्जेंटिनात सापडते, आणि मग दीड पानात चित्र तिला देऊन टाकतात, सगळे रडतात, वकिलाशी लग्न. ती अर्जेंटिनातली बाई तोंडातून एक वाक्यसुद्धा बोलत नाही! आभार मानते फक्त. कट्ट्यावर मी यावरच भांडणार आहे.

मेघना_टी
भांड. वडे मी आणते, पत्ता खासगी निरोपात (व्यनि) पाठव.

कोपरीकर
टकमक अजून ऑफिसातच आहेत का?

टकमक
आत्ता सुटले. एवढं सगळं वाचून आता लिहायला काही उरलं नाही, एकच विचारते. आमच्याकडेही अशीच जुनी लक्ष्मी आहे, काच आतून धुरकट झालीये आणि खालच्या कोपऱ्यात ओल लागल्यासारखा पिवळा डाग. आई म्हणते ओल्या फडक्याने पुसून घे. पुसू का?

रंगारी
अजिबात नाही! तो कागदावरचा छाप आहे, वर वार्निश असलं तरी पाणी लागलं की कागद फुगतो आणि रंग सुटतो. आधी बाहेरच्या भिंतीवरून काढा, ठाण्याच्या पावसात ती भिंत ओल धरतेच. फ्रेम उघडून मागचं लाकूड काढून आम्लविरहित पुठ्ठा घालून घ्या आणि काच चित्राला चिकटणार नाही इतकी फट मध्ये ठेवायला सांगा. काच चिकटलेली असेल तर घरी ओढू नका, तशीच घेऊन या. साडीवर जरी-टिकल्या लावलेल्या असतील तर धूळसुद्धा मऊ कोरड्या ब्रशनेच.

टकमक
काच चिकटलीये बहुतेक. स्टेशनजवळचा फ्रेमवाला म्हणाला काच तोडून काढतो, दोनशे रुपये.

रंगारी
त्याच्याकडे देऊ नका. व्यनि बघा.